राउटरच्या खोक्यावर अपडेटची तारीख छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पत्रांमध्ये मागे एका काकांचं पत्र आलं होतं (काका म्हणतेय ते पत्राच्या सुरावरून, वय कमी असेल तर राग नसावा). त्यांचं म्हणणं असं की फोनला आणि लॅपटॉपला हल्ली सारखे अपडेट येतात, डेटा पॅक खातात, रात्री चार्जिंगला लावलेला फोन सकाळी भलताच दिसतो आणि काय बदललं म्हणून बघायला गेलं तर खाली नुसतं 'बग फिक्सेस'. म्हणून त्यांनी सगळे अपडेट कायमचे बंद करून टाकलेत आणि बाकीच्या वाचकांनाही तोच सल्ला दिलाय. त्यांची चिडचिड मला पटते, सल्ला अजिबात पटत नाही, आणि हे 'बग फिक्सेस' (म्हणजे प्रोग्राममधल्या चुकांची दुरुस्ती) लिहिणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे गप्प बसवलं नाही.

मी नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरवर काम करते. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा तो तुकडा जो एका ठराविक चिपशी बोलतो, मग ती वायफायची असेल, लॅनची असेल, काहीही. लिनक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नल, म्हणजे तिचा गाभा, घ्या, तुमचा अँड्रॉइड फोन, घरातला राउटर, बहुतेकांच्या पोटात तेच असतं, तर त्यात आता 3 कोटींच्या वर ओळी आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त नुसत्या ड्रायव्हरच्या. जवळजवळ सगळं सी भाषेत. आणि सी मध्ये मेमरी मागून घेणं, वापरणं आणि परत करणं ही सगळी जबाबदारी लिहिणाऱ्याची, विसरलात तर भाषा तुम्हाला हटकत नाही.

लग्नात आचारी भाड्याची भांडी आणतो तसं समजा. पातेलं आणलं आणि परत द्यायचं राहिलं तर भांडीवाल्याकडे एक पातेलं कमी, रोज असं एकेक जात राहिलं तर एक दिवस दुकानात द्यायला पातेलंच नाही, ह्याला आम्ही लीक म्हणतो. एकच पातेलं दोनदा जमा झाल्याची नोंद झाली तर भांडीवाला तेच पातेलं दोन वेगळ्या लग्नांना लावून देणार, ते झालं डबल फ्री (मेमरी परत करण्याला आम्ही फ्री करणं म्हणतो). आणि सगळ्यात वाईट म्हणजे पातेलं परत गेलंय, दुसऱ्या कार्यालयात त्यात बासुंदी आटतेय आणि आपला आचारी सवयीने त्याच पातेल्यात आमटी ओततोय, हे युज आफ्टर फ्री. ह्यातली मेख अशी की बोंब मारतात ते बासुंदीवाले, आमटीवाल्याला पत्ताच नसतो. म्हणजे चूक नेटवर्कच्या ड्रायव्हरमध्ये आणि मशीन मरतं ते फाईल सेव्ह करताना, किंवा दोन तासांनी, किंवा फक्त एकाच गिऱ्हाइकाकडे. मग सगळे फाईल सिस्टिमवाल्यांना शिव्या घालत बसतात.

मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडच्या सिक्युरिटीच्या बगांपैकी साधारण 70 टक्के ह्या मेमरीच्याच भानगडी असतात, आणि क्रोमवाल्यांनी पुढच्या वर्षी त्यांच्याकडच्या गंभीर बगांबद्दल जवळपास तोच आकडा दिला. तेव्हा काका ज्याला नुसतं 'बग फिक्सेस' म्हणतात त्यात मुख्य माल हा असतो.

आता प्रत्यक्षात काय चुकतं ते सांगते, थोडं आत शिरावं लागेल. लिनक्समध्ये पॅकेट, म्हणजे नेटवरून जाणारा डेटाचा एक तुकडा, ज्या स्ट्रक्चरमधून फिरतं त्याला एसकेबी म्हणतात. कर्नलच्या वरच्या थराने एसकेबी ड्रायव्हरच्या हातात ठेवलं की ड्रायव्हरला दोनच उत्तरं देता येतात. 'ओके' म्हटलं तर ते आता ड्रायव्हरचं झालं, पाठवा नाहीतर फेकून द्या, पण फ्री तुम्हीच करायचं. 'बिझी' म्हटलं तर त्याला हात लावायचा नाही, वरचा थर थोड्या वेळाने परत आणून देईल. नियम एवढाच. आणि तरी किती ड्रायव्हरमध्ये हा चुकलेला सापडतो म्हणून सांगू, कोणी पॅकेट फ्री करून वर 'बिझी' सांगतो, म्हणजे वरचा थर मेलेलं पॅकेट परत घेऊन येणार, आणि कोणी मॅपिंग (चिपला मेमरीचा पत्ता जोडून देणं) फसलं म्हणून 'ओके' सांगून निघून जातो आणि फ्री कोणीच करत नाही. हा दुसरा प्रकार राउटरला फार लागतो कारण स्वस्तातल्या राउटरमध्ये रॅम 64 नाहीतर 128 एमबी आणि तो महिनोन् महिने बंद होत नाही, त्यामुळे काही बिनसलं की एक पॅकेट गळणार, परत बिनसलं की परत एक, कधीतरी तळ लागतोच. कस्टमर केअरची मुलगी 'सर एकदा बंद करून चालू करा' म्हणते आणि खरंच नेट चालू होतं त्याची जी काही कारणं असतात त्यातलं एक हे, बंद केल्यावर मेमरी नव्याने मोजली जाते. बग मात्र जागच्या जागी.

माझ्या अनुभवात रोजच्या वाटेवर फार बग उरलेले नसतात, कारण रोज लाखो लोक तिथून जातात आणि ठेच लागली की ओरडतात. उरतात ते काहीतरी फसलं तर काय करायचं ह्या वाटेवर. ड्रायव्हर सुरू होताना एकामागून एक गोष्टी मागत जातो, आधी डिव्हाइसची जागा, मग चिपचे रजिस्टर मॅप करणं, मग पाठवायच्या आणि घ्यायच्या पॅकेटांची रांग (रिंग), मग इंटरप्ट (चिपने सीपीयूला मारायची हाक), शेवटी कर्नलकडे रजिस्ट्रेशन. पाचवं फसलं तर आधीची चार उलट्या क्रमाने सोडायला हवीत, चौथं फसलं तर तीन, आणि हे करायला कर्नलमध्ये सर्रास गोटू, म्हणजे कोडमधल्या दुसऱ्या लेबलावर थेट उडी मारायची सूचना, वापरतात. कॉलेजात गोटू लिहिला की मार्क कापायचे आमचे! आणि इथे अख्खं कर्नल त्याच्यावर उभं आहे, आणि ह्या एका कामासाठी तो चांगलाही आहे, मास्तर काहीही म्हणोत. फक्त लेबल एका जागेने चुकलं की संपलं, एक गोष्ट सुटायची राहते किंवा न घेतलेली सोडली जाते. आणि हे कळणार कसं, लिहिणाऱ्याच्या टेबलावरच्या मशीनला भरपूर रॅम, तिथे मेमरी मागितली की मिळतेच, ती वाट कधी चाललीच जात नाही. त्यासाठी मुद्दाम मेमरी नाकारणारी सोय कर्नलमध्ये आहे, फेलस्लॅब म्हणून, ती लावून ड्रायव्हर चढवून बघा, पहिल्या तासात काहीतरी निघतं. पण डिलिव्हरीची तारीख डोक्यावर असताना हे कोण करतंय.

बंद करतानाचा क्रम हा आणखी एक. नेटवर्कची चिप सीपीयूला न विचारता स्वतः मेमरीत लिहिते, ह्याला डीएमए म्हणतात, ड्रायव्हरने तिला आधीच पत्ते देऊन ठेवलेले असतात की बाई पॅकेट आलं की इथे टाक. त्यामुळे बंद करताना आधी चिप थांबवायची, मग मॅपिंग काढायचं, मग मेमरी परत. क्रम उलटा झाला तर परत केलेल्या मेमरीत चिप आपली बिनधास्त लिहीत राहते. टायमरचं तेच, मागे ठेवलेल्या कामांचं तेच, आधी ती रद्द करून संपेपर्यंत थांबायचं आणि मगच डिव्हाइस फ्री करायचं. फिक्स किती मोठा असतो विचाराल तर पुष्कळदा एक ओळ चार ओळी वर सरकवलेली असते. वर मेसेज मात्र वीस ओळींचा, का सरकवली त्याचा, आणि खाली एक टॅग लावायचा असतो की मूळ चूक कुठल्या बदलापासून आहे, तो शोधायला गेलं की काही वेळा दहा वर्षांपूर्वीचा बदल निघतो. दहा वर्षं तो बग लोकांच्या घरात होता.

आणि दुरुस्ती म्हणून आलेली प्रत्येक गोष्ट दुरुस्ती असतेच असंही नाही. एखादं टूल सांगतं इथे लीक दिसतोय, उत्साही माणूस तिथे एक फ्री घालून पॅच (दुरुस्तीचा बदल) पाठवतो, आणि ती मेमरी आधीच डिव्हाइसबरोबर आपोआप सुटणारी असते. झाला डबल फ्री. लीकने मशीन हळूहळू मरत होतं, आता पटकन मरतं.

बरं, हे झालं आमचं रडगाणं, सामान्य माणसाला काय फरक पडतो असं काका विचारतील. 2003 च्या जानेवारीत ॲटस्टेक नावाच्या अमेरिकन सिक्युरिटी कंपनीतल्या दोघांनी एक प्रकार उघड केला, इथरलीक म्हणतात त्याला, त्या वर्षीच्या सीव्हीई यादीत (सिक्युरिटीच्या जाहीर भोकांची यादी) त्याचा नंबर पहिला आहे. इथरनेटवर पॅकेट कमीत कमी 60 बाइटचं असावं लागतं, शेवटचे चेकसमचे 4 धरले तर 64. आता 'ह्या आयपीचा मालक कोण' असं विचारणारं एआरपीचं पॅकेट हेडर धरून भरतं 42 बाइट. उरलेले 18 बाइट शून्यांनी भरायचे हे ठरलेलं होतं. ड्रायव्हरवाल्यांनी चिपला नुसतं सांगितलं 60 पाठव, आणि 42 च्या पुढे मेमरीत जे काय पडलं होतं ते गेलं तसंच वायरवर. आधीच्या पॅकेटचे तुकडे, कर्नलच्या मेमरीचे तुकडे, ज्याचं जे नशीब. त्याच नेटवर्कवरच्या कोणीही छोटे छोटे पिंग ('आहेस का' असं विचारणारी पॅकेट) मारत बसावं आणि उत्तरांच्या शेपटीत दुसऱ्याचा डेटा वाचावा, पासवर्ड फोडायला नको की काही नको. आणि हा एका कंपनीचा बग नव्हता, वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कितीतरी ड्रायव्हरमध्ये होता, कारण ड्रायव्हर लिहिणारे एकमेकांचं बघूनच लिहितात. लिनक्समध्ये एकेक ड्रायव्हर उघडून ते निस्तरावं लागलं. एवढं गाजलं म्हणजे पुन्हा होणार नाही असं वाटेल, तर 2021 मध्ये पालो आल्टो नेटवर्क्सच्या काही फायरवॉलमध्ये (नेटवर्कवर पहारा द्यायच्या उपकरणांमध्ये) परत हाच प्रकार निघाला, फायरवॉलमध्ये!

2008 ची गोष्ट तर माझी सगळ्यात आवडती, नवीन मुलांना मी हीच सांगते. लिनक्स कर्नलची 2.6.27 ही आवृत्ती तयार होत होती आणि चाचणीच्या आवृत्त्या चालवणाऱ्या लोकांच्या इंटेलच्या लॅन चिप मरायला लागल्या. मरायला म्हणजे चिपची जी छोटी कायमची मेमरी असते, जिच्यात तिचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरची तिची ओळख) आणि सेटिंग असतात, तीच खराब व्हायची, मग मशीन फॉरमॅट करा, विंडोज टाका, काही उपयोग नाही. ड्रायव्हरचं नाव ई1000ई, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर, मग ग्राफिक्सवाल्यांवर. उबंटूने आणि इतर काहींनी चाचणीच्या आवृत्तीत तो ड्रायव्हरच बंद करून ठेवला. इंटेलच्या लोकांनी त्या मेमरीवर लिहिण्याला कुलूप घातलं. आणि ऑक्टोबरात खरा चोर सापडला तो ह्या ड्रायव्हरशी काडीचा संबंध नसलेला, एफट्रेस नावाचं एक डिबगिंगचं (चुका शोधायचं) साधन. त्याने मॉड्यूलच्या (कर्नलमध्ये नंतर चढवायच्या तुकड्याच्या) सुरुवातीच्या कोडचे पत्ते टिपून ठेवले होते, तो कोड काम झालं की मेमरीतून काढून टाकतात, मोकळ्या झालेल्या त्याच पत्त्यांवर नंतर इंटेलच्या चिपची मेमरी मॅप झाली आणि एफट्रेस जुनी यादी हातात घेऊन तिथे बदल करायला गेलं. बरं त्याने काळजीही घेतली होती, 'तिथे जे असायला हवं तेच असेल तरच बदल' अशी सूचना वापरली होती, पण एक्स86 ह्या पीसीतल्या नेहमीच्या प्रोसेसरवर ती सूचना तुलना जुळली नाही तरी लिहिण्याची क्रिया करतेच, होतं तेच परत लिहिते. साध्या रॅमचं त्याने काही बिघडत नाही, चिपच्या त्या कायमच्या मेमरीचं बिघडतं. आमटी-बासुंदीचाच प्रकार, फक्त इथे पातेलंच वितळलं. 2.6.27 हे 9 ऑक्टोबरला बाहेर पडलं आणि आठवड्याभरात 2.6.27.1 आलं, त्यात ते साधन बंद करून टाकलेलं. ज्याने तेव्हा 'कशाला सारखं अपडेट करायचं' म्हणून 2.6.27 वरच मुक्काम ठोकला असेल त्याचा विचार करा.

साधनं आता पुष्कळ बरी आहेत, केमेमलीक 2009 पासून आहे, परत केलेल्या मेमरीला हात लावला की जागच्या जागी पकडणारं कासान 2015 पासून, आणि गूगलचा सिझबॉट रात्रंदिवस वेडेवाकडे इनपुट देऊन कर्नल पाडत असतो आणि पडलं की ईमेल करतो. रस्ट भाषाही डिसेंबर 2022 मध्ये 6.1 पासून कर्नलमध्ये आली, त्यात कुठली मेमरी कोणाची हे कंपायलरच (कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) बघतो. मला आवडते ती. पण 3 कोटी ओळी काही उद्या सकाळी बदलून होत नाहीत, आणि डीएमएने चिप काय लिहिते तिथवर कंपायलरची नजर पोचतही नाही.

काकांच्या संशयात तथ्य आहे हेही लिहायला हवं. ॲपलने 2017 मध्ये कबूल केलं होतं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग अपडेटमधूनच कमी केला जात होता. आणि 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक ह्या सिक्युरिटी कंपनीचा एक अपडेट आला आणि जगभरातली मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख विंडोज मशीन निळी पडली, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले ते आठवत असेल. तो नेटवर्कचा ड्रायव्हर नव्हता पण कर्नलमध्ये बसलेला होता, आणि चूक मेमरीचीच, 20 गोष्टी दिलेल्या असताना एकविसावी वाचायला गेला. तेव्हा अपडेट म्हणजे देवाचा प्रसाद असं मी अजिबात म्हणत नाही. एक-दोन दिवस थांबून घाला, वायफायवर असताना घाला म्हणजे पॅक जाणार नाही. पण बंद करणं म्हणजे माहीत असलेली, दुरुस्त झालेली भोकं उघडी ठेवून बसणं, आणि दुरुस्ती छापून आली की ती वाचून भोक कुठे होतं हे वाईट लोकांनाही कळतं, हे विसरू नका.

आणि खरी तक्रार करायचीच असेल तर ती अपडेट येतात म्हणून नको, येत नाहीत म्हणून करा. फोनला निदान येतात तरी. कोपऱ्यात टीव्हीच्या मागे धूळ खात पडलेल्या राउटरला शेवटचा अपडेट कधी आला होता? लिनक्समध्ये ड्रायव्हर दुरुस्त झाला की तो बदल स्थिर आवृत्तीत जातो, त्या जवळजवळ दर आठवड्याला निघतात. तिथून पुढे तो चिप बनवणाऱ्याच्या कोडमध्ये जायला हवा, मग राउटर बनवणाऱ्याकडे, मग नेट कंपनीकडे, मग तुमच्या घरी. ह्या साखळीत प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवतो. मी एका कामात हे जवळून बघितलंय, दुरुस्ती तयार, तपासलेली, आणि ते मॉडेल आता विकत नाही म्हणून कोणीच ती पुढे पाठवायला तयार नाही. पाच वर्षांपूर्वीचं कर्नल घेऊन आजही नवीन राउटर बाजारात येतात, ते तर पहिल्या दिवसापासूनच मागे.

ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून कायदा आहे, नेटला जोडायची वस्तू विकताना सिक्युरिटी अपडेट किमान कधीपर्यंत देणार हे जाहीर करावंच लागतं. युरोपात 20 जून 2025 पासून नवीन फोनला विक्री थांबल्यानंतरही निदान 5 वर्षं अपडेट द्यायचे आहेत, आणि तिथल्याच सायबर रेझिलियन्स ॲक्टच्या मुख्य अटी 11 डिसेंबर 2027 पासून लागतील, त्यात राउटरही येतात. आपल्याकडे खोक्यावर एमआरपी छापतात, बनवल्याचा महिना-वर्ष छापतात, कस्टमर केअरचा नंबर छापतात, कारण 2011 चे पॅकेज्ड कमोडिटीजचे नियम तसं सांगतात. त्यातच एक ओळ वाढवायची आहे, 'सिक्युरिटी अपडेट अमुक महिन्यापर्यंत'. खर्च शून्य. कंपनीने दोनच वर्षं लिहिली तर लिहू दे, निदान घेणाऱ्याला दुकानात उभं असताना कळेल की हा स्वस्तातला राउटर का स्वस्त आहे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी हे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याकडे लावून धरावं अशी माझी ह्या पत्रातून विनंती आहे, त्यांना पत्रं लिहिण्याची सवय माझ्यापेक्षा जास्त आहे.

तोपर्यंत आपल्या पेपरला करता येईल असं एक. गॅजेटच्या पानावर फोन आणि राउटरचा जो चौकोन छापता त्यात कॅमेरा, रॅम, बॅटरी, किंमत सगळं असतं, त्याखाली अपडेट कधीपर्यंत हेही छापत चला, आणि कंपनीला विचारूनही उत्तर आलं नाही तर 'कंपनीने सांगितलं नाही' असंच छापा.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे